हॅल्सियन: खंड्याचे चौदा दिवस

मालवणहून विचारणा आली आहे. निवृत्त होणाऱ्या मुख्याध्यापकांच्या मानपत्रात 'आपल्या सेवेची हॅल्सियन तीस वर्षे' असं लिहिलंय, ते चालेल का, आणि हा शब्द आला कुठून?

तीस वर्षं! अहो, हॅल्सियन दिवस मोजून चौदा. पण हल्ली स्मरणिका उघडावी तर कुणाचं कॉलेज हॅल्सियन, कुणाचं बालपण. 'शांत, सुखाचा' हा अर्थ कुठल्याही इंग्रजी कोशात मिळेल, तो तिथे बघा.

गंमत अशी की हॅल्सियन म्हणजे आपला खंड्या. ग्रीकात मूळ शब्द 'अल्क्युओन', त्यात 'ह' नाहीच. लोकांनी त्याची 'हाल्स' म्हणजे समुद्र आणि 'क्युओन' म्हणजे गर्भ धरणारी अशी फोड केली आणि पुढे फुकटचा 'ह' चिकटवला. व्युत्पत्ती साफ खोटी, पण काय देखणी! कथाही तिला शोभेशी. वाऱ्यांचा राजा इओलस, त्याची लेक अल्क्युओनी. तिचा नवरा समुद्रात बुडाला, दोघांचे पक्षी झाले. भर हिवाळ्यात ती लाटांवर अंडी उबवते, तेव्हा बाप वारे कोंडून ठेवतो: सर्वांत लहान दिवसाच्या आधी सात दिवस, नंतर सात.

प्रत्यक्षात खंड्या व्हाळाच्या दरडीत बीळ कोरतो. आणि ज्याच्या शास्त्रीय नावात 'हॅल्सियन' आहे तो पांढऱ्या छातीचा खंड्या तर माडाच्या वाडीत बसून सरडे नि बेडूक मटकावतो. समुद्रावाचून त्याचं काही अडत नाही.

आता भांडण. काही जाणकार हॅल्सियन दिवसांना 'नारळी पौर्णिमेनंतरचा समुद्र' म्हणतात. मला मुळीच पटत नाही. नारळ सोडला की दर्या महिनोन् महिने खुला होतो, तो मोसमच पालटतो. हॅल्सियन ही वाईट मोसमाच्या पोटातली फट आहे. आपल्याकडे तिला नेमका शब्द आहे: उघडीप. आषाढात चार दिवस ऊन पडतं, बाया घाईघाईने गोधड्या वाळत घालतात, कारण पाऊस परत येणार हे पक्कं ठाऊक असतं. कोशकारांनी नुसतं ऊन ठेवलं आणि पाऊस गाळून टाकला.

हां, मानपत्र राहिलंच. तीस वर्षांत मुख्याध्यापकांना शांततेचे चौदा दिवस लाभले असतील, तर तेवढ्यांना खुशाल हॅल्सियन म्हणा.