वाचकांचे प्रश्न: मँचेस्टरची फॅक्टरी रेकॉर्ड्स आणि आपल्या गावातलं रेकॉर्डिंग

प्रश्न (खामगावहून एक वाचक): मागच्या अंकात तुम्ही मँचेस्टरच्या फॅक्टरी रेकॉर्ड्सचा उल्लेख केला होता. हे मँचेस्टर म्हणजे आपला कापूस जायचा तेच ना? माझे आजेसासरे जिनिंगमध्ये होते, त्यांच्या तोंडी हे नाव असायचं असं घरात सांगतात. पण लंडन सोडून तिथे गाण्यांची कंपनी कशी काय निघाली?

उत्तर: हो ताई, तेच मँचेस्टर. 1861 ला अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस अडकला, मँचेस्टरच्या आसपासच्या लँकेशायर भागातल्या गिरण्या बसल्या आणि मग साहेबाची नजर वऱ्हाडावर आणखीच पक्की बसली. तुमच्या खामगावला कापसासाठी रेल्वेचा फाटा आला तो 1870 मध्ये, उद्घाटनाला तेव्हाचा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आला होता. पुढे शंभरेक वर्षांत मँचेस्टरकडच्या गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या आणि 1970 च्या दशकात त्या शहरात रिकामी गोदामं, पडके कारखाने आणि हाताला काम नसलेली पोरं एवढंच दिसायचं, आणि ही गोष्ट आपल्याकडच्या लोकांना काही वेगळी समजावून सांगायला नको.

गाण्याचा सगळा कारभार तेव्हा लंडनमध्ये होता, रेकॉर्ड काढायची तर तिथल्या मोठ्या कंपनीचे उंबरठे झिजवायचे. ते पहिल्यांदा मोडलं मँचेस्टरच्याच बझकॉक्स नावाच्या बँडने, त्यांनी 500 पौंड उसने घेतले आणि जानेवारी 1977 मध्ये स्वतःच्या लेबलवर, म्हणजे स्वतःच्याच रेकॉर्ड कंपनीच्या नावाने, चार गाण्यांची रेकॉर्ड काढली, पहिल्या 1000 प्रती. त्या खपल्या, परत छापाव्या लागल्या, आणि गावोगावच्या पोरांना कळलं की हे आपल्यालाही जमू शकतं. माझ्या मते सगळ्या स्वतंत्र लेबलांच्या इतिहासात हाच क्षण सगळ्यात मोठा आहे, फॅक्टरीपेक्षाही मोठा.

फॅक्टरीची सुरुवात कंपनी म्हणून झालीच नाही. टोनी विल्सन हा ग्रॅनाडा टीव्हीवर बातम्या द्यायचा, त्यामुळे शहरात सगळे त्याला ओळखायचे, आणि ॲलन इरॅस्मस हा त्याचा नट मित्र. दोघांनी मे 1978 मध्ये ह्यूम भागातल्या रसेल क्लबात गाण्यांच्या रात्री सुरू केल्या आणि त्यांना फॅक्टरी हे नाव दिलं. पोस्टर केलं पीटर सॅव्हिल नावाच्या पोराने, ते इतकं उशिरा आलं की कार्यक्रम होऊन गेला होता, तरी त्याला एक नंबर दिला. पुढे जे जे केलं त्याला नंबरच पडत गेला, रेकॉर्डला, क्लबाला, क्लबातल्या मांजरीला, एवढंच काय त्यांच्या प्रोड्युसरने म्हणजे मार्टिन हॅनेटने त्यांच्यावर खटला भरला तर त्या खटल्यालाही 61 नंबर दिला. 2007 मध्ये विल्सन वारला तेव्हा त्याच्या शवपेटीला 501 नंबर होता. ऑफिस म्हणजे पॅलाटाइन रोडवरचा इरॅस्मसचा फ्लॅट, बारा वर्षं तिथूनच कारभार चालला.

प्रश्न (आर्वीहून): माझं फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांचं डिझाइनचं काम आहे. फॅक्टरीच्या रेकॉर्डच्या कव्हरवर म्हणे बँडचं नावसुद्धा नसायचं. मग लोक विकत कसे घ्यायचे? आमच्याकडे तर नाव आणि फोटो मोठा नाही केला तर गिऱ्हाईक भांडते.

उत्तर: खरं आहे ते. जॉय डिव्हिजन या बँडचा पहिला अल्बम 1979 चा, काळ्या कव्हरवर फक्त पांढऱ्या रेषा, डोंगरांच्या रांगेसारख्या वरखाली होणाऱ्या. त्या रेषा म्हणजे एका पल्सार ताऱ्याकडून येणाऱ्या रेडिओ लहरींचा आलेख आहे, जोसेलिन बेल यांनी 1967 मध्ये पहिल्यांदा शोधलेला पल्सार तो हाच. बँडमधल्या पोराला तो खगोलशास्त्राच्या कोशात सापडला, त्याने सॅव्हिलला दिला. कव्हरच्या पुढच्या बाजूला कोणाचंच नाव नाही. आज तेच चित्र नागपूरच्या बाजारात टी-शर्टवर लटकलेलं दिसते.

ब्लू मंडे ही न्यू ऑर्डरची, म्हणजे जॉय डिव्हिजनच्याच उरलेल्या लोकांच्या बँडची, 1983 ची रेकॉर्ड हातात घेऊन पाहण्यासारखी आहे. काँप्युटरची फ्लॉपी असायची ना, तसं काळं कव्हर, त्याला खरोखरची भोकं पाडलेली, भोकांतून आतलं चंदेरी पाकीट दिसते. उजव्या कडेला रंगीत चौकोनांची एक पट्टी, ते चौकोन म्हणजे अक्षरं आहेत, गाण्याचं आणि बँडचं नाव त्या रंगांत लिहिलंय, आणि ते वाचायची किल्ली दुसऱ्याच अल्बमच्या मागच्या बाजूला छापलेली. 12 इंची सिंगल रेकॉर्डमध्ये ब्रिटनमध्ये आजवर सगळ्यात जास्त खपलेली हीच. पण भोकं पाडायचा खर्च एवढा होता की सुरुवातीला प्रत्येक प्रतीमागे आम्हाला तोटाच व्हायचा असं विल्सन सांगायचा. तुमच्यासारख्या छपाईवाल्याने यातून काय घ्यायचं तर डिझाइन मन लावून करा, पण डाय कटिंगचा भाव ऑर्डर घ्यायच्या आधी विचारा.

प्रश्न (दारव्हा तालुक्यातून): भाऊ, आमच्या इकडे दंडार, भजन, भारूड म्हणणारे लय जण हायेत. आमी चार पोट्टे एक माइक घेऊन रेकॉर्डिंग करतो आन यूट्यूबवर टाकतो, आता थोडे पैशे याले लागले. तुमी लिवलं का फॅक्टरीवाले कलावंतासंग करारच करत नोयते. मंग आमी करार करावा का नाई? म्हातारे म्हंतात कागद कायले पाह्यजे, आपलेच लोक हायेत.

उत्तर: भाऊ, कागद करा. तुमच्या म्हाताऱ्यांचं मन मोठं आहे, विल्सनचंही तसंच होतं, म्हणून त्याचं काय झालं ते नीट ऐका.

फॅक्टरीचा हिशेब एका वाक्याचा होता, खर्च वजा जाता नफा अर्धा-अर्धा. मोठ्या कंपन्या तेव्हा कलावंताला जे द्यायच्या त्याच्या कितीतरी पट हे होतं. कंपनीचं काहीच नाही, सगळं संगीतकारांचं, अशा अर्थाचा एक कागद विल्सनने सुरुवातीलाच लिहिला होता, तो रक्ताने सही केलेला होता असंही सांगतात. या मोकळेपणामुळेच तिथे माणसं काम करायची, एका अल्बमचं कव्हर पॉलिश पेपरचं होतं, शेजारी ठेवलेली रेकॉर्ड खरवडली जावी म्हणून, आणि ते चिकटवायला बसले होते जॉय डिव्हिजनचे लोक, म्हणजे दुसऱ्याच्या अल्बमसाठी. मे 1980 मध्ये त्यांचा गायक इयन कर्टिस याने आत्महत्या केली, तेवीस वर्षांचा होता, उरलेल्यांनी न्यू ऑर्डर हे नाव घेऊन काम चालू ठेवलं. माणसं एकमेकांना धरून होती, यात शंका नाही.

पैसा मात्र कुठे जातो याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. 1982 मध्ये त्यांनी हॅसिएंडा नावाचा क्लब काढला, आधी तिथे बोटींचं शोरूम होतं. न्यू ऑर्डरच्या रेकॉर्डचा पैसा तिकडे जात राहिला. 1988 नंतर क्लब रोज भरायला लागला पण नाचणारी पोरं एक्स्टसी या नशेच्या गोळ्या घेऊन यायची आणि बारवर दारूऐवजी पाणी प्यायची, म्हणजे गर्दी आहे आणि गल्ला नाही. 1990 ला चार्ल्स स्ट्रीटवर भारी ऑफिस बांधलं, मग हॅपी मंडेज या बँडला अल्बम करायला बार्बाडोसला पाठवलं, तिथे खर्च हाताबाहेर गेला.

कर्ज वाढलं तेव्हा लंडन रेकॉर्ड्स ही कंपनी फॅक्टरी विकत घ्यायला तयार झाली होती, आणि तिथे जुना कागद समोर आला. त्यात सगळं संगीतकारांचं लिहिलेलं, म्हणजे न्यू ऑर्डरची गाणी फॅक्टरीची नाहीतच, मग विकत घ्यायचं काय? सौदा मोडला, लंडनवाल्यांनी सरळ बँडशी बोलणी केली, आणि नोव्हेंबर 1992 मध्ये फॅक्टरीचं दिवाळं निघालं. लोक यातून कलावंताला हक्क देऊ नये असा अर्थ काढतात, मला ते अजिबात पटत नाही. हक्क बँडकडे राहिले म्हणून तर फॅक्टरी बुडाली तरी गाणी बँडच्या हातात राहिली. चूक झाली ती लेबलने स्वतःसाठी काहीच लिहून न ठेवण्यात, किती वर्षं विकायचा हक्क, कुठे विकायचा, उधारी कोणाच्या डोक्यावर, काही म्हणजे काही नाही.

तुमच्या कामात हे असं लागू होते. आपला कॉपीराइट कायदा 1957 चा. त्याप्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागते, तोंडी चालत नाही. किती वर्षांसाठी ते लिहिलं नाही तर पाच वर्षं धरतात, कुठल्या भागासाठी ते लिहिलं नाही तर भारत धरतात. दंडारीची पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली गाणी कोणा एकाची नाहीत, ती तुम्हीही अडवू शकत नाही, पण तुम्ही केलेलं रेकॉर्डिंग तुमचं असते आणि गाणाऱ्या बाईचा तिच्या गाण्यावर कलाकार म्हणून वेगळा हक्क असते, तिची परवानगी पाहिजेच. एखाद्या शाहिराने स्वतः नवीन गाणं लिहिलं असेल तर 2012 च्या दुरुस्तीपासून त्याचा रॉयल्टीतला वाटा त्याला सही करून सोडता येत नाही, कंपनीने लिहून घेतला तरी ते टिकत नाही.

कागद मराठीत करा, एका पानाचा, आणि सही घ्यायच्या आधी गाणाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवा, ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या घरातलं कोणी बाजूला बसवा. नफा अर्धा-अर्धा ठेवायचा असेल तर खुशाल ठेवा, मला तर तेच आवडेल, फक्त खर्चात काय काय धरायचं ते नाव घेऊन लिहा, माइक, गाडीभाडं, एडिटिंग. मुदत तीन वर्षं टाका, त्यानंतर गाणं परत त्यांचं. आणि यूट्यूबचे पैसे ज्या खात्यात येतात त्या खात्याचं पासबुक दर दिवाळीला सगळ्यांसमोर उघडा, हेही त्या कागदात लिहून ठेवा.