युनिटं जातात कुठे?

वाचकांचे प्रश्न : घरातली वीज

प्रश्न : घरात चौघं, एसी नाही. खोलीबाहेर पडताना दिवा बंद, मोबाइल भरला की चार्जर काढायचा, हा दंडक. तरी महिन्याला १५० युनिट पडतातच. मीटर पळतंय का? (सांगली)

उत्तर : मीटर पळतंय की घर खातंय, हे अर्ध्या तासात कळेल. मीटरवर लाल दिवा लुकलुकतो. त्याच्या शेजारी १६०० किंवा ३२०० असा काहीतरी आकडा छापलेला असतो. एका युनिटमागे दिवा तितक्या वेळा लुकलुकतो.

आधी घराचा मेन स्विच पाडा. लुकलुकणं थांबलं पाहिजे (काही मीटरांत दिवा नुसता पेटून राहतो, ते चालेल). थांबलं नाही, तर दोष मीटरमध्ये किंवा मीटर ते मेन स्विच यांच्यामधल्या वायरीत आहे. सीलला हात न लावता महावितरणकडे मीटर तपासणीचा अर्ज द्या. थांबलं, तर मेन चालू करून घरातली सगळी बटणं बंद ठेवा आणि एकेक वस्तू लावत मिनिटभर मोजा. ३२०० चं मीटर असेल तर मिनिटाच्या लुकलुकी गुणिले १८.७५ म्हणजे वॅट. १६०० चं असेल तर गुणिले ३७.५. ३२०० च्या मीटरवर जुना पंखा पूर्ण वेगात मिनिटाला चारदा लुकलुकवतो, म्हणजे ७५ वॅट. फ्रिज बंद केलात तर पाच मिनिटं थांबूनच चालू करा, नाहीतर कॉम्प्रेसरवर ताण येतो.

सगळं बंद वाटत असूनही दिवा अधूनमधून डोळा मारत असेल, तर बहुधा तो सेट-टॉप बॉक्स. रिमोटने टीव्ही झोपतो, बॉक्स जागाच राहतो. १० वॅटचा बॉक्स दिवसरात्र राहिला की महिन्याला सात युनिट. भिंतीवरचं बटणच बंद करा. रिकामा चार्जर मात्र महिन्याभरात अर्धं युनिटही खात नाही. काढा जरूर, पण त्याने बिल हलणार नाही.

तुमची युनिटं बहुधा पंख्यांत आहेत. ७५ वॅटचे दोन पंखे रोज १२ तास फिरले, तर महिन्याला ५४ युनिट. दीडशेतला तिसऱ्या हिश्शाहून जास्त वाटा. तेच ३० वॅटचे बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटारीचे) पंखे घेतले तर जेमतेम २२. आपल्याकडची बरीचशी वीज अजून चंद्रपूर, कोराडीसारख्या केंद्रांत कोळसा जाळूनच येते आणि देशभराची सरासरी पाहिली तर एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे दोन पंख्यांत महिन्याला २२ किलोंचा फरक. पंखे लगेच बदलायचे नसतील, तर निदान हाताला गरम लागणारा जुना डबा-रेग्युलेटर काढा. पंखा हळू करून उरलेली वीज तो स्वतःतच जाळतो. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर तसं करत नाही.

प्रश्न : बीएलडीसी पंखा बसवला. आठवड्यातच घुंऽऽ आवाज, मधेच थांबतो. पंखा खराब निघाला का? (डोंबिवली)

उत्तर : जुना रेग्युलेटर तसाच ठेवला असेल. या पंख्याच्या पोटात इलेक्ट्रॉनिक कार्ड असतं, त्याला पूर्ण व्होल्टेज लागतं. रेग्युलेटरने ते कापलं की कार्ड अडखळतं आणि शेवटी जळतं. ‘रेग्युलेटर पाचवर ठेवा, चालतंय’ असं सांगतात. पण घरातलं पोर एक दिवस तो दोनवर फिरवणारच. एमसीबी पाडून वायरमनकडून रेग्युलेटर काढून घ्या, त्याच्या दोन वायरी थेट जोडून टेप करा आणि मोकळ्या जागी डमी बसवा. वेग फक्त रिमोटने.

प्रश्न : गीझर सारखा बंद-चालू केला तर जास्त वीज खातो, म्हणून सकाळभर चालूच ठेवावा असं सासूबाईंचं म्हणणं. शिवाय बोअरच्या पाण्यामुळे तो हल्ली कटकट वाजतो. (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : बंद-चालू करण्याने वीज जास्त लागत नाही. तापलेलं पाणी टाकीतून उष्णता गमावत राहतं, थर्मोस्टॅट ती पुन्हा पुन्हा भरून काढतो. ती वीज वाया. नवा घेताना स्टार लेबलवर २४ तासांत किती युनिट अशी गळतात तो आकडा बघा. १५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला साधारण ०.६ युनिट आणि २००० वॅटच्या गीझरला १८ मिनिटं लागतात. म्हणून आंघोळीआधी वीस मिनिटं लावा, आंघोळी लागोपाठ उरका.

खरा फरक बादली आणि शॉवर यांत आहे. १८ लिटरची बादली ४० अंशांवर आणायला ०.३ युनिट, मिनिटाला आठ लिटरच्या शॉवरखाली पाच मिनिटं उभं राहिलं तर ०.७.

कटकट म्हणजे कॉइलवर साचलेला क्षार. त्याने बिल फारसं वाढत नाही, कारण उष्णता शेवटी पाण्यातच जाते. पण कॉइल आतून तापून जळते. वर्षातून एकदा कॉइल काढून साफ करून घ्या, टाकी गंजू नये म्हणून आत असलेली मॅग्नेशियमची कांडी झिजली असेल तर बदला. थर्मोस्टॅट ५५ वर ठेवा. पाणी जितकं जास्त तापेल तितका क्षार जास्त बसतो.

प्रश्न : फ्रिजचं रबर बदलायची वेळ आली हे कसं ओळखायचं? (रत्नागिरी)

उत्तर : दारात दहाची नोट धरून दार लावा. अलगद ओढली गेली तर तिथे रबर सैल आहे. आधी साबणाच्या कोमट पाण्याने घड्या पुसा, पुष्कळदा चिकट मळच आड येतो. तरीही पकडत नसेल तर बदला. बर्फ साचणाऱ्या फ्रिजमध्ये थर पाव इंच झाला की डिफ्रॉस्ट करा. सुरीने खरवडू नका, गॅसची नळी फुटते.

प्रश्न : १०० च्या वर एक युनिट गेलं की सगळ्याच युनिटांना वरचा दर लागतो ना? (नाशिक)

उत्तर : नाही. महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या १०० ना पहिला दर, १०१ ते ३०० ना दुसरा, असे थर आहेत. १०१ वं युनिट एकटंच महाग पडतं. त्यामुळे वाचलेलं युनिट नेहमी सगळ्यांत वरच्या, महाग थरातून कमी होतं. त्याच्याबरोबर त्या युनिटाचा वहन आकार आणि त्यावरचं १६ टक्के वीज शुल्कही जातं. स्थिर आकार मात्र घराला कुलूप असलं तरी भरावाच लागतो.