एअर डेक्कन का टिकली नाही? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

एअर डेक्कन या स्वस्त विमान कंपनीचं एक रुपयाचं तिकीट खरंच मिळायचं, की ती नुसती जाहिरात होती?

मिळायचं. मात्र एका फेरीत त्या दराच्या जागा मोजक्याच असत, त्याही खूप आधी बुक करणाऱ्यांना, आणि कर वेगळे. तारीख जवळ येईल तसा दर चढत जाई. 2003 मध्ये कॅप्टन गोपीनाथ यांनी कंपनी सुरू केली ती ज्यांनी कधी विमानात पाऊल ठेवलं नव्हतं त्यांच्यासाठी. फुकट जेवण नाही, आसनक्रमांक नाही, एसटीसारखी जागा धरायची! आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन बोधचिन्ह म्हणून घेतला, ती निवड मला आजही अगदी योग्य वाटते.

छोट्या गावांना विमानं नेल्यामुळेच कंपनी बुडाली ना?

हा समज मला मनापासून खोडावासा वाटतो. छोटी गावं ही तिची ताकद होती. सुरुवात एटीआर 42 या पंखेवाल्या विमानांवर झाली. 80 पेक्षा कमी आसनांच्या विमानांना लँडिंग शुल्क माफ झालं, आणि छोट्या विमानांच्या इंधनावर विक्रीकर 4 टक्के. मोठ्या जेटना बऱ्याच राज्यांत त्याच्या कितीतरी पट. शिवाय अशा मार्गांवर स्पर्धक जवळपास नव्हतेच.

अडचण आली ती वेगामुळे. 180 आसनांची एअरबस ए320 घेऊन कंपनी मोठ्या शहरांच्या मार्गांवर उतरली. 2005 मध्ये स्पाइसजेट आणि गोएअर आल्या, 2006 मध्ये इंडिगो. सगळ्यांनीच खर्चाखाली तिकिटं विकली. त्यात वैमानिक आणि तंत्रज्ञांची टंचाई. स्वस्त सेवेत विमान दिवसभर उडत राहिलं तरच पैसे सुटतात. सकाळची पहिली फेरी लांबली की रात्रीपर्यंत सगळं वेळापत्रक कोलमडतं. डेक्कनचं ते वारंवार व्हायचं, आणि माझ्या मते तिला सर्वांत महाग पडली ती हीच बेभरवशाची वेळ.

मग किंगफिशरनं ती का घेतली?

2007 मध्ये किंगफिशर विमान कंपनीचे मालक विजय मल्ल्या यांच्या यूबी समूहानं डेक्कनचा सुमारे 550 कोटींना 26 टक्के हिस्सा घेतला. परदेशी उड्डाणांसाठी तेव्हा देशात पाच वर्षं सेवा दिल्याची अट होती. किंगफिशर 2005 ची, डेक्कनची पाच वर्षं ऑगस्ट 2008 मध्ये भरत होती. दोन्ही कंपन्या एक झाल्या आणि सप्टेंबरमध्ये किंगफिशर लंडनला उडाली. डेक्कनचं नाव किंगफिशर रेड झालं, दर वाढले, 2011 मध्ये ती सेवाही बंद करण्याचा निर्णय झाला. स्वस्त सेवेचा गिऱ्हाईक आणि चैनीचा गिऱ्हाईक एका छपराखाली सांभाळणं त्यांना जमलं नाही.

जळगावला आली ती हीच डेक्कन का?

नाव तेच, कंपनी नवी. छोट्या शहरांना स्वस्त विमानसेवेनं जोडणाऱ्या केंद्राच्या उडान योजनेत डिसेंबर 2017 मध्ये मुंबई–जळगाव फेरी सुरू झाली, 19 आसनी विमानानं. ताफा इतका लहान की एक विमान दुरुस्तीला गेलं की फेऱ्या रद्द. कोविडमध्ये, 2020 साली, तीही थांबली. 2024 पासून गोव्याची फ्लाय91 ही विमान कंपनी जळगावला जाते, एटीआर 72 घेऊन.