अस्वलाचे सोंग आणि ध्रुवाकडचे तेल

प्रश्न : आर्क्टिकमधील तेल उत्खननाच्या निषेधार्थ आमच्या शाळेतील मुले वसुंधरा दिनी चार हुतात्मा चौकात ध्रुवीय अस्वल आणि पेंग्विन यांची सोंगे घेऊन उभी राहणार आहेत. काही पालकांना हा पोरखेळ वाटतो. अशा सोंगांनी खरोखर काही साधते का?
— एक शिक्षिका, सोलापूर

उत्तर : साधते, मात्र सोंग कोणासमोर घेतले आणि मागणी काय केली, यावर ते अवलंबून असते. सप्टेंबर 2013 मध्ये ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेने ‘ऑरोरा’ नावाचे दुमजली बसएवढे अस्वल लंडनच्या रस्त्यांवरून थेट शेल या तेल कंपनीच्या कार्यालयापर्यंत नेले, तेव्हा ते कोणाला जाब विचारते आहे हे बघ्यांना सांगावे लागले नाही. शेलने 2015 मध्ये अलास्कालगतच्या चुकची समुद्रातील तेलाचा शोध थांबवला. पुरेसे तेल न सापडणे आणि प्रचंड खर्च ही कारणे कंपनीने दिली होती, त्यामुळे सारे श्रेय आंदोलनाला देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पण तोवर हा विषय जगभर पोहोचला होता, हेही खरे.

अस्वलच का, हे मुलांना नीट समजावून सांगावे. तेलाने माखलेली फर थंडी अडवू शकत नाही आणि ती चाटून साफ करताना तेल अस्वलाच्या पोटात जाते. शिवाय कडाक्याच्या थंडीत तेलाचे विघटन मंदावते आणि बर्फाखाली गेलेला तवंग शोधून काढणे फार कठीण असते.

पेंग्विनबाबत मात्र एक दुरुस्ती आवश्यक आहे. तो दक्षिणेकडचा, आर्क्टिकमध्ये तो नसतोच. अंटार्क्टिकात खनिज उत्खननाला 1991 च्या माद्रिद कराराने बंदी घातली असून भारतही त्या करारात सहभागी आहे. म्हणून पेंग्विनच्या हाती ‘बंदी टिकवा’ आणि अस्वलाच्या हाती ‘उत्खनन थांबवा’ असा फलक द्यावा.

शेलचे कार्यालय सोलापुरात नाही, म्हणून जाब विचारायचा कोणाला, असा प्रश्न पडेल. ओएनजीसी विदेशसह काही भारतीय सरकारी कंपन्यांनी 2016 मध्ये सैबेरियातील वांकोर या, आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेकडील तेलक्षेत्रात भागीदारी घेतली. तेव्हा मुलांनी केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयाला सह्यांचे निवेदन लिहावे आणि त्याची प्रत चौकात थांबणाऱ्या प्रत्येकाला वाचायला द्यावी. माझ्या मते हेच काम सर्वांत मोलाचे आहे.

पोशाखासाठी आपल्याकडचे पांढरे टॉवेलचे कापड उत्तम दिसेल, परंतु एप्रिलच्या उन्हात ते अंगावर फार वेळ सोसवणार नाही. पोलिसांची परवानगी सकाळी लवकरच्या वेळेसाठीच मागावी, मुखवटे तोंडावर न बांधता टोपीसारखे डोक्यावर ठेवावेत आणि मुले आळीपाळीने सावलीत बसवावीत.