गोव्यात ग्रँड आयलंडजवळ दिसलेला निळ्या रेघांचा गोबरा (ग्रुपर मासा) कोणता? तो पीकॉक ग्रुपर आहे का?

नाही, तो पीकॉक नव्हे. वीतभर लांबीचा, काळपट तपकिरी, अंगभर बारीक निळ्या रेघा आणि कपारीत शेपटी आत करून बसलेला, हे तुमचं वर्णन सेफॅलोफोलिस फॉर्मोसाशी जुळतं. पीकॉक म्हणजे सेफॅलोफोलिस आर्गस. त्याच्या अंगावर काळ्या कडेचे निळे ठिपके असतात आणि शेपटीकडे बहुधा पाच-सहा फिकट उभे पट्टे. रेघ की ठिपका, एवढ्यावर या दोघांचा निकाल लागतो.

जागाही फॉर्मोसाच्याच बाजूने बोलते. त्याला उथळ, गाळ बसलेलं, अर्धंमुर्धं मेलेलं प्रवाळही चालतं, आणि आपल्याकडे झुआरीच्या मुखापाशी पाणी गढूळच असतं.

खरा घोटाळा होतो तो सेफॅलोफोलिस बोएनाकशी. आकार तोच, रंगही चॉकलेटी. पण त्याच्या अंगावर सात-आठ गडद उभे पट्टे असतात, आडव्या निळ्या रेघा नसतात. नुसत्या रंगावर मात्र कधीच विसंबू नका. गोबरा बघता बघता गडद किंवा फिकट होतो, आणि मेल्यावर निळाई उतरते.

म्हणून मी वास्कोच्या बाजारात गेलो की काटे मोजतो. पाठीवरच्या परामध्ये (फिनमध्ये) नऊ कडक काटे असले तर सेफॅलोफोलिस. एपिनेफेलस या गोबऱ्यांच्या दुसऱ्या गटातल्या बहुतेकांना अकरा असतात. गोव्यात सगळ्यांना गोबरो म्हणतात, मालवणकडे हेकरू, त्यामुळे नावावरून जात कळत नाही. टोपलीतल्या मोठ्या गोबऱ्याच्या अंगावर नारिंगी-तांबूस ठिपके असतील तर तो एपिनेफेलस कोइओइडिस. बारीक काळपट ठिपके आणि मधून मधून पांढरे डाग असतील तर मलबारिकस. या दोघांनाही कित्येक वर्षं त्याच गटातला टाउविना समजून नोंदवलं गेलं, म्हणजे अभ्यासकसुद्धा फसले. टाउविनाची खूण पाठीवर आहे: तिथल्या पराच्या शेवटच्या काट्यांच्या मुळाशी मोठा काळा डाग.

तुमच्या फोटोत मासा समोरून आलाय, त्यामुळे काटे दिसत नाहीत. पुढच्या डायव्हला जरा लांब थांबा, त्याला कपारीतून हुसकावू नका. थोड्या वेळाने तो आपणहून बाहेर डोकावतो आणि पर उभारतो. तेव्हा टॉर्च लावून बाजूने फोटो घ्या. नऊ काटे मोजता आले तर इथे जरूर टाका, मला बघायचंय.