न्यूरो क्रिटिकल केअरमधील संशोधन खान्देशात राहून करता येईल का?

धुळ्यात इंटर्नशिप संपवत असलेल्या एका सदस्याने विचारले आहे की, मेंदू व मज्जासंस्थेच्या अतिदक्षता उपचारांत संशोधन करायचे असेल, तर मुंबई किंवा बंगळूर गाठल्यावाचून गत्यंतर नाही का. प्रशिक्षणासाठी बाहेर जावे लागेल, एम.डी.नंतर न्यूरॉलॉजीचे तीन वर्षांचे डी.एम. (अतिविशेष पदवी) हा त्याचा एक मार्ग आहे. संशोधनाचे प्रश्न मात्र तुमच्या वॉर्डातच आहेत, आणि ते बाहेरचे कुणी येऊन सोडवील अशी वाट पाहू नये, असे माझे ठाम मत आहे.

या शाखेतील काही मोठी कामे मोठ्या यंत्रणेवाचून झाली आहेत. कीटकनाशकाच्या विषबाधेतून सावरलेला वाटणारा रुग्ण एक ते चार दिवसांनी अचानक श्वास घेईनासा होतो, हे १९८७ मध्ये श्रीलंकेतील डॉक्टरांनी अवघ्या दहा रुग्णांच्या बारकाईने केलेल्या नोंदींवरून मांडले. रुग्णाला उशीवरून मान उचलता येते का, ही त्यातली पहिली खूण. कपाशीवर फवारणी करणाऱ्या आपल्या भागात ती आजही तितकीच उपयोगी आहे.

तुम्ही मात्र मण्यारीच्या दंशापासून सुरुवात करावी, असे मी सुचवेन. पावसाळ्यात शेतात राखणीला गेलेला माणूस जमिनीवर झोपतो, दंश बहुधा दुखत नाही, सूजही फारशी येत नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या जड होतात, आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत श्वास अडू लागतो. नळी घालून व्हेंटिलेटर लावल्यानंतरचे चित्र फसवे असते. डोळे उघडत नाहीत, हातपाय हलत नाहीत, बाहुल्या विस्फारलेल्या आणि टॉर्चच्या उजेडाला प्रतिसाद न देणाऱ्या. टीसडेल आणि जेनेट यांनी १९७४ मध्ये मांडलेला ग्लासगो कोमा स्केल, म्हणजे रुग्णाची शुद्ध अंकांत मोजण्याची पद्धत, जगभर वापरला जातो. पण तो डोळे, वाणी आणि हालचाल यांवरच उभा असल्याने या रुग्णाला तो सर्वांत खालचा अंक, म्हणजे ३, देतो. प्रत्यक्षात मेंदू शाबूत असतो आणि रुग्ण खाटेभोवतीचे बोलणे ऐकत असू शकतो. विषाने मज्जातंतूंची टोके निकामी केलेली असतात. प्रतिविष उरलेले विष निष्प्रभ करते, झालेली हानी भरून काढत नाही, आणि टोके पुन्हा वाढायला दिवस, कधी आठवडे लागतात. तोवर व्हेंटिलेटर चालू ठेवणे हाच उपचार असतो.

अशा रुग्णाला मेंदूमृत समजण्याचे प्रसंग वैद्यकीय नियतकालिकांत नोंदले गेले आहेत. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार मेंदूमृत्यू ठरवायच्या चाचण्या किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा करतात. पण स्नायू लुळे पाडणारे विष किंवा औषध हे कारण नाही, याची खात्री त्याआधीच करावी लागते. साधा ईईजीही (मेंदूच्या विद्युत लहरींची नोंद) इथे मोलाचा ठरतो, कारण त्यात जागेपणाचा आलेख उमटतो.

यातूनच मला या शाखेतील सर्वांत गंभीर वाटणारा प्रश्न निघतो. डॉक्टर ‘आशा नाही’ म्हणतात, नातेवाईक यंत्र काढून घरी नेतात, रुग्ण दगावतो, आणि नोंदवहीत भाकीत खरे ठरल्याचे दिसते. मेंदूतील रक्तस्रावातही हेच घडते, आणि त्या आकड्यांवर पुढच्या रुग्णांची भाकिते बेतली जातात. म्हणून ‘दगावला’ आणि ‘उपचार थांबवल्यावर दगावला’ हे दोन रकाने वेगळे ठेवा. आपल्याकडे पैसे संपल्यामुळे घरी नेलेल्यांचा तिसरा रकानाही लागेल, आणि मला वाटते, खान्देशातील अभ्यासाचे खरे मोल त्याच रकान्यात असेल.

दंशाची वेळ, प्रतिविषाची वेळ, नळी घातल्याची वेळ आणि पहिल्यांदा कोणता स्नायू हलला, एवढे रोज एकाच माणसाने एकाच पद्धतीने लिहावे. पापणी बोटाने वर धरून डोळा किंवा पायाचा अंगठा हलवायला सांगावे; उत्तर आले नाही, तरी तसे लिहावे. काम सुरू करण्यापूर्वी महाविद्यालयाच्या नैतिकता समितीची मान्यता घ्या. संमती सुरुवातीला नातेवाइकांकडून घेतलेली असेल, तर रुग्ण बोलू लागल्यावर ती त्याच्याकडून पुन्हा घ्या, आणि त्याने नकार दिला तर त्याची नोंद अभ्यासातून वगळा.