वाचकांचे प्रश्न : पुलाने वाढलेले डेव्हनपोर्ट

प्रश्न : आमच्या पुलगावचे नावच वर्धेवरील पुलाशी जोडलेले आहे. अमेरिकेतही पुलामुळे वाढलेले एखादे नदीकाठचे गाव आहे काय?
– एक शेतकरी वाचक, देवळी तालुका

उत्तर : आयोवा राज्यातील मिसिसिपीकाठचे डेव्हनपोर्ट पाहावे. १८३२ च्या ब्लॅक हॉक युद्धानंतर (सौक नेता ब्लॅक हॉक आणि अमेरिकी सैन्य यांच्यातील युद्ध) सौक आणि मेस्क्वाकी या मूळ रहिवाशांकडून ही भूमी करारान्वये काढून घेण्यात आली. गावाच्या भरभराटीआधीचे हे दुःख विसरता कामा नये. त्या करारातील दुभाषा अँट्वान लक्लेअर, ज्याची आई पोटावाटोमी या मूळ अमेरिकी जमातीची होती, त्याने १८३६ मध्ये इतरांसह गाव वसवले आणि त्याला व्यापारी मित्र जॉर्ज डेव्हनपोर्ट याचे नाव दिले.

खरा कायापालट १८५६ मध्ये झाला. मिसिसिपीवरील पहिला रेल्वेपूल येथेच उभा राहिला आणि पंधरवड्यातच ‘एफी आफ्टन’ ही आगबोट त्याच्या खांबावर आदळून जळाली. बोटमालकाने भरलेल्या दाव्यात पूल कंपनीची बाजू मांडणाऱ्या वकिलांत अब्राहम लिंकन होते. नदीच्या वाहतुकीइतकाच नदी ओलांडण्याचाही हक्क आहे, हा त्यांचा युक्तिवाद मला फार मोलाचा वाटतो. ज्यूरीचे एकमत झाले नाही. पूल मात्र टिकला आणि आगगाडी पश्चिमेकडे निघाली.